बोट दाखवताना हाताला पीळ का पडत नाही?

हा लेख पुढे वाचण्यापूर्वी जागेवरून उठा आणि जरा मोकळ्या जागी उभे राहा. एक साधा प्रयोग करायचा आहे. त्याला साहित्य काहीही लागत नाही. फक्त स्वतःचा उजवा हात लागतो.

हात शरीराच्या बाजूला सरळ खाली सोडा. तळवा मांडीकडे असू द्या, म्हणजे अंगठा समोर येईल. आता कोपर न वाकवता आणि हात स्वतःभोवती जराही न पिळता पुढील तीन हालचाली सावकाश करा. पहिली : हात समोर उचला आणि जमिनीला समांतर करा. अंगठा आता छताकडे आहे. दुसरी : हात तसाच आडवा ठेवून उजव्या बाजूला न्या. अंगठा अजूनही छताकडेच आहे, पण तळवा समोर झाला आहे. तिसरी : हात बाजूने सरळ खाली आणा.

आता तळव्याकडे पाहा. निघताना तो मांडीकडे होता. आता तो समोर आहे आणि अंगठा शरीरापासून दूर, बाहेरच्या बाजूला आहे. हात निघाला तिथेच परत आला, पण येताना स्वतःभोवती चक्क एक काटकोन फिरून आला! तुम्ही तर हाताला कुठेच पीळ दिला नव्हता. मग हा काटकोन आला कुठून?

याच स्थितीपासून, म्हणजे तळवा समोर ठेवूनच, त्याच तीन हालचाली पुन्हा करून पाहा. दुसऱ्या फेरीच्या शेवटी तळवा बाहेरच्या बाजूला वळू पाहील आणि खांदा कुरकुर करू लागेल. तिथेच थांबा, जोर लावू नका. तिसरी फेरी तर कोणालाही जमणार नाही.

बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी खांद्याच्या या चमत्कारिक वागण्याकडे लक्ष वेधले. म्हणून याला ‘कॉडमनचा विरोधाभास’ म्हणतात. खरे पाहता यात विरोधाभास काही नाही. ही निव्वळ भूमिती आहे.

गोलावरचा त्रिकोण

खांदा हा केंद्रबिंदू माना आणि हात ही त्रिज्या. मग तुमच्या बोटाचे टोक एका मोठ्या काल्पनिक गोलाच्या पृष्ठभागावर फिरते. आपल्या प्रयोगात त्या टोकाने तीन कमानी काढल्या : खालून समोर, समोरून उजवीकडे आणि उजवीकडून पुन्हा खाली. या तीन कमानींनी गोलावर एक त्रिकोण तयार झाला आणि त्याचा प्रत्येक कोन काटकोन आहे. सपाट कागदावरच्या त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे तुम्ही शिकला आहात. या गोलावरच्या त्रिकोणात ती २७० अंश भरते. जादा किती? ९० अंश. आणि हात फिरला तोही नेमका ९० अंश!

हा योगायोग नाही. गोलावर कोणताही त्रिकोण आखून हात न पिळता फिरवला, तर कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जितकी जास्त, तितका हात स्वतःभोवती फिरलेला आढळतो. त्रिकोण लहान असेल तर जादा अंश थोडे आणि पीळही थोडा. पण शून्य कधीच नाही.

आता विचार करा. सकाळपासून रात्रीपर्यंत आपण किती वेळा हात इकडून तिकडे नेतो! फळ्यावरच्या आकृतीकडे बोट दाखवतो, बस थांबवायला हात करतो, फळीवरचा डबा काढतो, मित्राला आकाशातला शुक्र दाखवतो. प्रत्येक फेरीत थोडा थोडा पीळ साठत गेला, तर दुपारपर्यंत आपल्या हाताची अवस्था अंगणात झाडांना पाणी घालताना फरफटत फिरवलेल्या रबरी नळीसारखी व्हायला हवी. पण तसे होत नाही. आपल्या नकळत कोणीतरी हा पीळ वेळच्या वेळी काढून टाकत असते. हे ‘कोणीतरी’ म्हणजे आपला मेंदू. तो हे काम कसे करतो आणि का करतो, ते आता पाहू.

स्वातंत्र्य जास्त झाल्याची अडचण

दाराच्या बिजागरीला एकच हालचाल येते. दार उघडते किंवा मिटते. यंत्रशास्त्रात अशा प्रत्येक स्वतंत्र हालचालीला ‘मुक्तता मात्रा’ म्हणतात. बिजागरीची मुक्तता मात्रा एक. आता आपल्या हाताची मोजदाद करू. खांद्याचा सांधा उखळीत गोल बसवल्यासारखा असल्यामुळे त्याला तीन हालचाली येतात : हात पुढे-मागे नेणे, बाजूला उचलणे आणि स्वतःभोवती फिरवणे. कोपराला वाकण्याची एक. कोपराखालच्या भागाला किल्ली फिरवल्यासारखी आणखी एक. मनगटाला वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशा दोन. एकूण झाल्या सात. बोटांच्या हालचाली यात धरलेल्याच नाहीत.

एखादी वस्तू अवकाशात हवी तिथे आणि हवी तशी ठेवायला किती मात्रा पुरतात? जागा ठरवायला तीन आणि कल ठरवायला तीन, अशा सहा. म्हणजे निसर्गाने आपल्याला गरजेपेक्षा एक मात्रा जास्तच दिली आहे.

कोपर सरळ ठेवून नुसते बोट दाखवायचे असेल, तर हिशेब आणखी सोपा आहे. दिशा ठरवायला दोनच आकडे पुरतात : किती उजवीकडे किंवा डावीकडे, आणि किती वर किंवा खाली. खांद्याजवळ मात्र तीन हालचाली आहेत. तिसरी म्हणजे हाताचा स्वतःभोवतीचा पीळ. तिचा दिशेशी काहीही संबंध नाही. समोरच्या घड्याळाकडे हात सरळ करून बोट दाखवा. आता बोट तिथेच रोखून हात पिळा. तळवा खाली, आत, वर असा फिरेल. बोट मात्र घड्याळावरच राहील.

बीजगणिताच्या भाषेत सांगायचे, तर समीकरणे दोन आणि चल तीन अशी ही स्थिती आहे. अशा वेळी उत्तर एक नसते, अगणित असतात. मग मेंदूने कोणते निवडावे?

हा प्रश्न ठळकपणे मांडला तो सोव्हिएत शरीरक्रियाशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन (१८९६–१९६६) यांनी. मॉस्कोच्या श्रमविषयक मध्यवर्ती संस्थेत १९२० नंतरच्या दशकात ते कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करत होते. कामगाराच्या हातावर आणि हातोड्यावर लहान विजेचे दिवे बसवून, घाव घालतानाची त्यांची वाटचाल त्यांनी छायाचित्रांत टिपली. निरनिराळ्या घावांत हातोड्याचे टोक जवळजवळ त्याच वाटेने येत होते. खांदा, कोपर आणि मनगट यांचे कोन मात्र प्रत्येक घावाला थोडे थोडे निराळे होते. म्हणजे कुशल कामगार तीच हालचाल पुन्हा करत नव्हता. तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवत होता. इतक्या सांध्यांचे स्वातंत्र्य मेंदू ताब्यात कसे ठेवतो, हा प्रश्न तेव्हापासून ‘बर्नस्टाइनचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो.

डोळ्यांनी दाखवलेली वाट

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मात्र त्याहूनही जुना आहे आणि तो हातात नव्हे, तर डोळ्यांत सापडला. डोळ्याचे बुबुळही खोबणीत तीन प्रकारे फिरू शकते : डावी-उजवीकडे, वर-खाली आणि दृष्टीच्या रेषेभोवती चक्रासारखे. पाहण्याची दिशा ठरवायला मात्र दोनच मात्रा पुरतात. म्हणजे हाताचीच अडचण इथेही आहे.

नेदरलँड्समधील उट्रेख्तचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स (१८१८–१८८९) यांना १८४७ च्या सुमारास असे आढळले की, डोके स्थिर असताना डोळा एखाद्या दिशेला वळला, की त्या दिशेसाठी त्याचे चक्राकार फिरणे ठरलेले असते. डोळा तिथे डावीकडून आला, खालून आला की वळसा घालून आला, याने फरक पडत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी पुढे या शोधाला ‘डोंडर्सचा नियम’ असे नाव दिले. योहान लिस्टिंग या गणितज्ञाने त्याच्या पुढे जाऊन, हे फिरणे नेमके किती असते याचा भौमितिक नियम सांगितला.

त्या काळी डोळ्याचे फिरणे मोजायला यंत्रे नव्हती. मग हे ओळखले कसे? युक्ती फार सुंदर आहे. एखाद्या रंगीत, उभ्या पट्टीकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि मग कोऱ्या भिंतीकडे नजर वळवा. भिंतीवर त्या पट्टीची फिकट, उलट्या रंगाची प्रतिमा दिसते. ही प्रतिमा भिंतीवर नसते. ती तुमच्या दृष्टिपटलावर छापलेली असते. त्यामुळे डोळा फिरला की तीही फिरते. तिचा कल मोजला की डोळ्याचा पीळ कळतो! (ही पट्टी साध्या उजेडात पाहावी. सूर्याकडे किंवा प्रखर दिव्याकडे कधीही टक लावू नये.)

हातालाही तोच नियम?

डोळा आणि हात यांत तसे साम्य काहीच नाही. डोळ्याचे वजन अगदी थोडे. त्याला कोणतेही ओझे उचलायचे नसते. हात जड आहे, लांब आहे आणि गुरुत्वाकर्षणाशी झगडतो. तरीही दोघांपुढे प्रश्न एकच आहे. मग उत्तरही एकच असेल का?

ही तपासणी १९९० नंतर काळजीपूर्वक झाली. डोळा, डोके आणि हात हे तिन्ही डोंडर्सच्या नियमाप्रमाणे चालतात का, यावर झुरिचच्या संशोधकांनी १९९१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी कॅनडातील होर, वॉट्स आणि व्हिलिस यांनी सरळ हाताने बोट दाखवण्याचा बारकाईने अभ्यास मांडला. प्रयोगात भाग घेणाऱ्यांनी कोपर सरळ ठेवून समोरच्या निरनिराळ्या लक्ष्यांकडे बोट दाखवायचे. कधी एका लक्ष्यावरून, कधी दुसऱ्यावरून. हाताचा पीळ कसा ठेवायचा, याबद्दल त्यांना काहीही सांगितलेले नव्हते.

निष्कर्ष असा निघाला की, प्रत्येक दिशेसाठी हाताचा पीळ जवळजवळ ठरलेला होता. हात कुठून आला, याने त्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे लेखाच्या सुरुवातीच्या प्रयोगातला तो काटकोन, आपण सहजपणे बोट दाखवतो तेव्हा साठत नाही. हात एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे जात असतानाच मेंदू त्याला किंचित उलटा पीळ देतो आणि हिशेब चुकता करतो. आपल्याला त्याची जाणीवही होत नाही.

हा ठरलेला पीळ असतो तरी कसा? तो समजायला जमीन मोजणाऱ्यांचा थिओडोलाइट आठवा. त्याची दुर्बीण दोन अक्षांवर फिरते. एक अक्ष उभा. त्याभोवती सगळे यंत्र डावी-उजवीकडे फिरते. दुसरा अक्ष आडवा. त्याभोवती दुर्बीण वर-खाली होते. दुर्बिणीला स्वतःच्या लांबीभोवती फिरताच येत नाही. त्यामुळे ती कोणत्याही दिशेला रोखली तरी तिची वरची बाजू वरच राहते. अशा रचनेला जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांचे नाव दिले जाते. हेच ते फिक, ज्यांनी १८५५ साली विसरणाचा नियम मांडला. सरळ हाताने बोट दाखवताना आपला खांदा बऱ्याच प्रमाणात या थिओडोलाइटसारखा वागतो, असे कॅनडातील प्रयोगात दिसले. आपले डोकेही इकडेतिकडे पाहताना साधारण याच पद्धतीने फिरते. त्यामुळे मान वळवली तरी क्षितिज आपल्या डोळ्यांपुढे तिरके होत नाही.

नियम सांध्याचा की मेंदूचा?

इथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, “थिओडोलाइटला पीळ देताच येत नाही, म्हणून तो देत नाही. खांद्याचेही तसेच असेल. यात मेंदूचे कौतुक कसले?”

शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर तुम्ही आधीच मिळवले आहे. घड्याळाकडे बोट रोखून तुम्ही हात पिळला, तेव्हा खांद्याने तुम्हाला अडवले नाही. म्हणजे हाडे, स्नायू आणि सांधे यांना तो पीळ देता येतो. डोळ्याचेही तसेच. डोके खांद्याकडे कलवले, की डोळे काही अंश उलट्या दिशेला फिरतात. म्हणजे डोळ्यांनाही ते फिरणे शक्य आहे. शक्य असूनही नेहमीच्या हालचालीत ते होत नाही, याचा अर्थ तो नियम केवळ यंत्ररचनेने लादलेला नाही. शरीर चालवणाऱ्याने तो स्वतःला घालून घेतला आहे. मोकळे मैदान समोर असताना माणसे रोज एकाच पायवाटेने चालतात, तसेच हे आहे.

या पायवाटेचे फायदे उघड आहेत. एक म्हणजे, अगणित उत्तरांतून दर वेळी नव्याने निवड करण्याचा त्रास वाचतो. दुसरे, पीळ साठत नसल्यामुळे खांदा आपल्या मर्यादेच्या आत, सुखाने काम करू शकणाऱ्या पट्ट्यात राहतो. तिसरे, एका दिशेसाठी हाताची स्थिती एकच असल्यामुळे, त्या दिशेला हात रोखून धरायला स्नायूंना किती ताण द्यायचा हे मेंदूला एकदा शिकले की पुरते.

कोपर वाकले की नियमही वाकतो

इतके वाचल्यावर तुम्हाला वाटेल की कोडे सुटले. पण निसर्ग इतका सरळ नाही. रोजच्या जीवनात आपण हात ताठ ठेवून थोडेच वावरतो? घास घेतो, दार उघडतो, पुस्तक उचलतो. या सगळ्यांत कोपर वाकलेले असते.

टेबलाजवळ बसा आणि एका ठिकाणी मूठ घट्ट ठेवा. आता मूठ न हलवता कोपर वर उचला, पुन्हा खाली आणा. खांद्यापासून मनगटापर्यंत एक काल्पनिक रेषा काढली, तर कोपर त्या रेषेभोवती दारासारखे झुलते. मनगट एकाच जागी ठेवूनही कोपराच्या जागा अगणित! इथेही मेंदूने एकच जागा ठरवून ठेवली आहे का?

मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ मध्ये हेच तपासले. उत्तर आले : नाही. हात एकाच लक्ष्याला पोचला, तरी पोचल्यावर कोपर कुठे असेल हे हात कुठून निघाला यावर अवलंबून होते. डोंडर्सचा नियम इथे मोडला. मात्र ही मोडतोड बेशिस्त नव्हती. निघाल्या जागेपासून त्या लक्ष्यापर्यंत हात हलवायला कमीत कमी कष्ट पडतील, अशा स्थितीशी कोपराची शेवटची जागा चांगली जुळत होती.   इतर संशोधकांनाही पुढे हेच दिसले की कोपर वाकवून केलेल्या हालचालींत डोंडर्सचा नियम काटेकोरपणे पाळला जात नाही.

म्हणजे हा नियम न्यूटनच्या नियमांसारखा अटळ नाही. तो घरातल्या शिस्तीसारखा आहे : एरवी पाळायची, पण काम तसेच निघाले तर तिला मुरड घालायची. ही मुरड किती दूरदृष्टीची असते, ते पुढच्या उदाहरणावरून कळेल.

उपड्या भांड्याची गोष्ट

टेबलावर पाण्याचा एक ग्लास उपडा ठेवा. घरातल्या कोणाला तरी तो सुलटा करून त्यात पाणी ओतायला सांगा. तुम्ही काय पाहत आहात ते मात्र सांगू नका. त्यांचा अंगठा पाहा. बहुतेक माणसे हात आधीच उलटा फिरवून, अंगठा खाली ठेवून ग्लास धरतील. धरताना हे अवघड वाटते. पण ग्लास सुलटा झाला, की अंगठा वर येतो आणि हात अगदी सोयीच्या स्थितीत असतो. आता तोच ग्लास सुलटा ठेवून नुसता दुसरीकडे ठेवायला सांगा. या वेळी अंगठा पहिल्यापासून वर असेल. तांब्यावर उपडे ठेवलेले भांडे पाहुणे कसे उचलतात, तेही कधी न्याहाळून पाहा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनबाउम यांना ही गोष्ट एका उपाहारगृहात उपडे ग्लास उचलणाऱ्या वाढप्याकडे पाहून सुचली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा निष्कर्ष असा की, शेवटी हात सोयीच्या स्थितीत यावा म्हणून मेंदू सुरुवातीची गैरसोय पत्करतो. म्हणजे हाताचा पीळ ठरवताना मेंदू फक्त समोरच्या क्षणाचा विचार करत नाही. हालचालीचा शेवटही त्याने आधीच पाहिलेला असतो. अगदी लहान मुलांना हे नीट साधत नाही. वय वाढते तशी ही दूरदृष्टी त्यांच्या हातांत येते.

बर्नस्टाइन यांच्या कामगाराचे कोडेही आता उलगडू लागते. इमॅन्युएल टोडोरॉव्ह आणि मायकेल जॉर्डन या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये असा विचार मांडला की, मेंदू सगळ्याच चुका दुरुस्त करत बसत नाही. ज्या चुकीमुळे काम बिघडेल तेवढीच तो सुधारतो. बाकीची चालू देतो. हातोडा खिळ्यावर पडला पाहिजे, याबाबत तो कडक असतो. कोपर दोन अंश इकडे की तिकडे, याबाबत सैल. सगळ्या आज्ञा काटेकोरपणे पाळून घेणाऱ्यापेक्षा, कुठे कडक व्हायचे आणि कुठे सोडून द्यायचे हे कळणारा मुकादम काम चांगले करवून घेतो, तसे हे आहे.

मेंदूत काय चालते?

हाताची स्थिती मेंदूला कळते ती फक्त डोळ्यांमुळे नाही. डोळे मिटूनही तुम्ही स्वतःच्या नाकाला बोट लावू शकता. स्नायूंमध्ये त्यांची लांबी आणि ताण टिपणारी सूक्ष्म संवेदनाग्रे असतात; ती हाताची खबर मज्जारज्जूवाटे सतत वर पाठवत असतात. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर साधारण मध्यावर, दोन्ही बाजूंना, एक पट्टा असतो. तिथून हालचालींच्या आज्ञा निघतात. लहान मेंदू या आज्ञांना वेळेचे आणि प्रमाणाचे भान देतो.

या पट्ट्यातल्या चेतापेशी फक्त ‘हाताचा पंजा कुठे न्यायचा’ एवढेच सांगतात, की ‘हात कसा धरून न्यायचा’ हेही सांगतात? कॅनडातील स्कॉट आणि कलास्का यांनी १९९७ मध्ये माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. माकडाने पंजा त्याच वाटेने त्याच लक्ष्यांकडे न्यायचा. पण एकदा कोपर नेहमीसारखे खाली ठेवून आणि एकदा ते बाजूला वर उचलून. पंजाची वाट बदलली नव्हती, तरी कोपर उचलताच अनेक पेशींचे कार्य बदलले. म्हणजे हाताच्या स्थितीचा ठसा त्या आज्ञांवरही उमटलेला असतो. कोणत्या पेशी कोणता नियम कसा राबवतात, याचा शोध अजून चालू आहे.

याचा उपयोग काय?

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, बोट दाखवायला एवढे शास्त्र कशाला? ज्याला ते सहज जमते त्याला नको असेल. पण पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला विचारा. अशा काही रुग्णांना हात बाजूला उचलू गेले, की कोपर आपोआप वाकते. खांदा आणि कोपर एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. समोरचा पेला दिसतो, घ्यावासा वाटतो, पण हात तिथवर सरळ होत नाही. मेंदूने बांधलेली सहज शिस्त मोडली, की एक पेला उचलणे हेही किती मोठे काम असते, ते अशा वेळी कळते. निरोगी हात कोणत्या नियमांनी चालतो हे नेमके माहीत असेल, तर रुग्णाच्या हालचालीत काय हरवले आहे आणि कोणता व्यायाम द्यायचा, हे ठरवणे सोपे जाते.

यंत्रमानवांच्या हातांपुढेही हाच प्रश्न असतो. अमेरिकेच्या अवकाशयानावर १९८१ साली पहिल्यांदा गेलेल्या कॅनडाच्या यांत्रिक हाताला सहा सांधे होते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर २००१ मध्ये बसवलेल्या त्याच्या पुढच्या आवृत्तीला सात आहेत; आपल्या हाताच्या मुक्तता मात्रांइतकेच! सातवा सांधा मिळाला, की अडथळ्याला वळसा घालून पोचता येते. पण त्याबरोबर अगणित उत्तरांतून एक निवडण्याची जबाबदारीही येते. ती निवड करणारे नियम माणसांना गणिताने लिहून द्यावे लागतात. तुमचा मेंदू ते लहानपणीच, पाळण्यावरच्या खेळण्याकडे हात झेपावता झेपावता, शिकू लागलेला असतो.

करून पाहा

एका मित्राच्या दंडावर, कोपराच्या जरा वर, एक लांब पेन्सिल रबरबँडने आडवी बांधा. भिंतीवर पाच ठिकाणी कागदाच्या टिकल्या चिकटवा आणि त्यांना क्रमांक द्या. मित्राला त्यांच्यासमोर उभे करून, कोपर सरळ ठेवून, तुम्ही सांगाल त्या क्रमांकाकडे बोट दाखवायला सांगा. क्रम उलटसुलट ठेवा, म्हणजे प्रत्येक टिकलीकडे हात निरनिराळ्या दिशांनी येईल. मित्र थांबला की पेन्सिलीचा कल पाहा आणि शक्य असल्यास कोनमापकाने मोजून वहीत लिहा. पेन्सिल अगदी आडवीच राहील असे नाही. पाहायचे ते एवढेच, की एका टिकलीसाठी तिचा कल दर वेळी साधारण तोच येतो का. मग मित्राला जवळ उभे करून, कोपर वाकवून त्याच टिकल्यांना बोट लावायला सांगा आणि पुन्हा मोजा. दोन्ही तक्त्यांतला फरक वर्गात शिक्षकांना दाखवा. प्रयोग कशासाठी आहे ते मित्राला आधी सांगू नका. कारण एकदा लक्ष हाताकडे गेले, की हात सहजपणे वागेनासा होतो.

आणि उद्या कोणी तुम्हाला रस्ता विचारला, तर “तो पाहा, त्या वळणावर,” म्हणून बोट दाखवताना क्षणभर स्वतःच्या अंगठ्याकडे पाहा. तो कुठल्या बाजूला ठेवायचा हे तुम्ही ठरवलेले नसेल. ते तुमच्या मेंदूने आधीच ठरवलेले असेल.